मुकादम बोलायला लागला

२ ऑगस्ट

धाकट्या,

तुझं पत्र पोचलं. अर्धं पान वकिलाला शिव्या, अर्धं पान तुरुंगातल्या जेवणाला शिव्या आणि सगळ्यात खाली एक ओळ: पोरगा बोलायला लागला का? बापाचं काळीज आहे हो, असं म्हणत मी ती ओळ हेल्परकाकांनाही वाचून दाखवली.

नाही रे, अजून एक अक्षर नाही. दीड वर्षाचा होऊन गेला. शेजारची शिंपीण म्हणते, तिच्या मुली या वयात बोलून बोलून कान किटवत होत्या. मी म्हटलं, बाई, तुझ्या मुली शिलाई मशीनजवळ वाढल्या, हा पॉवर प्रेसजवळ वाढलाय. चारही प्रेस झाकणं ठोकत असताना आपण तरी कुठे बोलतो? सगळं हातांवर चालतं. दोन्ही मुठी डोक्याच्या वर म्हणजे बंद कर. दोन बोटं तळहातावर आपटली म्हणजे पत्रा दे. मूठ फिरवली म्हणजे आवळ. तळवा उलटा करून ओढला म्हणजे काढ. पोर हेच शिकलंय. दूध संपलं की दोन बोटं तळहातावर आपटतं, पत्रा दे! ऑफिसच्या जाळीमागे स्टूल धरून उभा राहतो आणि दिवसभर सगळ्यांना हुकूम सोडतो. काकांनी त्याचं नाव मुकादम ठेवलंय आणि आता कामगार त्याला खरंच विचारून चहाला जातात.

परवा मात्र रक्त सांडलं. काका डायच्या साच्यात अडकलेला पत्रा काढत होते आणि नवीन आलेल्या गड्याने बाहेर बघत पायडलवर पाय दिला. माझी पाठ होती तिकडे. मी वळले ती मुकादमामुळे. जाळीला चिकटून उभा, दोन्ही मुठी डोक्यावर, तोंड उघडं आणि त्यातून आवाज नाही. पहिला ठोका बसून गेला होता. काकांच्या करंगळीचं पेर झाकणाबरोबर पेटीत येऊन पडलं. दुसरा ठोका बसायच्या आत मी मेन स्विच ओढला, नाहीतर मनगट गेलं असतं. गड्याच्या मी दोन कानफटात ठेवून दिल्या आणि त्याला घरी पाठवलं. काका हाताला फडकं गुंडाळून हसत होते, म्हणाले, "आपल्या मुकादमाला तोंडाची गरजच नाही." आणि मग चक्कर येऊन पडले.

वकील येऊन गेला. जामिनाच्या तारखेला मी सांगायचं की तुम्हा नवरा-बायकोत काही भांडण नव्हतं, ती माळ्याच्या शिडीवरून पडून मेली. मी जे पाहिलं तेच सांगेन. मी आले तेव्हा ती शिडीखाली पडलेली होती आणि तू भिंतीला टेकून बसला होतास, पोर तुझ्या मांडीवर. ते डॉक्टर म्हणे लिहितात की शिडीवरून पडून डोकं असं फुटत नाही, कुणीतरी जड वस्तूने फोडलंय. मग आणा म्हणावं ती वस्तू. घर उलटंपालटं करून त्यांना मिळाली एक कढई आणि एक झारा. वकील म्हणतो, वस्तू नाही म्हणजे जामीन नक्की. तू सुटून आलास की पोर तुझ्या हवाली करेन. मी आत्या आहे, आई नाही, हे मला कळतं.

खातो चांगलं. बिस्किटांचं मात्र काय झालंय कळत नाही. समोर धरलं की अंगावर पाल पडल्यासारखा किंचाळतो आणि हात झटकतो. आधी तर आवडायची ना त्याला?

आणि डाय आवळायचा मोठा पाना कुठे ठेवलास? सगळा कारखाना धुंडाळला. छोट्या पान्याने आवळून डाय हलते आणि झाकणं वाकडी पडतात. आठवून कळव.

तुझी ताई


२६ ऑगस्ट

धाकट्या,

पान्याचं तू काहीच लिहिलं नाहीस. मी दुसरा विकत आणला. पोरगा बोलायला लागला का, हे मात्र पुन्हा विचारलंस.

मुलांना बोलायला शिकवतात त्या बोलण्याच्या बाईंकडे त्याला नेलं. मला वाटत होतं, प्रेसच्या आवाजाने कान गेले असणार. कान ठणठणीत निघाले. पण बाई म्हणाल्या, मागून आवाज केला की मुलं मान वळवतात, हा वळवत नाही. हा श्वास धरून थिजतो. मी म्हटलं, घाबरट आहे, याचा बापही लहानपणी असाच होता. आपले बाबा पट्टा काढायचे तेव्हा तू असाच थिजायचास आणि मार मात्र मला बसायचा, कारण मी पळायचे. बाईंना हे सगळं कशाला सांगितलं कोण जाणे.

मग त्यांनी त्याच्याशी खेळ मांडला. किल्ली दाखवली, वाटीखाली ठेवली. याने वाटी उचलली. मग किल्ली मुठीत घेऊन मूठ रुमालाखाली घातली, तिथून डब्यात घातली आणि रिकामा हात उघडून दाखवला. मी तिथे बसून फसले. मी रुमालच उचलला असता. मुकादमाने रुमालाकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं आणि सरळ डबा उलटा केला. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, अगदी लहान बाळाच्या समोरची वस्तू झाकली की त्याच्या लेखी ती जगातून गेली. याला कळतं की झाकलेली वस्तू तिथेच आहे. न दिसता कुणी ती हलवली तरी कुठे गेली असेल ते हा डोक्यात जुळवतो. बुद्धीला धार आहे याच्या.

आणि बोलण्याचं म्हणशील तर त्या म्हणाल्या, हा बोलतोच आहे की! हातांचे शब्दही शब्दच असतात. किती येतात ते त्यांनी मला विचारलं आणि मी सांगत सुटले तेव्हा माझ्याच लक्षात आलं की शिंपिणीच्या मुलींना लाजवील असा साठा आहे याच्याकडे. तोंडाचे शब्द मागून येतील म्हणाल्या. फक्त मशीन बंद ठेवून त्याच्याशी बोला, तो बोट दाखवेल त्याचं नाव सांगा, तो काय म्हणतोय असं वाटतं ते तुम्ही तोंडाने म्हणा.

तर आता रोज जेवणानंतर मी प्रेस बंद ठेवते आणि त्याला कडेवर घेऊन फिरते. हा पत्रा. हा ब्रश. हे काका, यांची करंगळी खाल्ली मशीनने. ही आत्या, चिडकी आहे. कामगार तोंड दाबून हसतात. तो माझ्या ओठांकडे असा बघतो की मलाच लाज वाटते. ग्रीसच्या पिंपाजवळ आलो की खाली उतरायला धडपडतो आणि पिंपावर थपडा मारतो. ग्रीस, ग्रीस, असं मी शंभरदा सांगितलं तरी थपडा थांबत नाहीत. शेवटी दोन्ही हात बरबटून घेतो आणि मग रॉकेलने पुसताना घर डोक्यावर घेतो.

काकांनी त्याला चिंध्यांची बाहुली करून दिली आहे. तिच्याशी खेळतो. मारतो तिला कधीकधी. मुलं मारतातच. माझ्या दंडालाही चावलाय, रक्त आलं. दार आपटलं की जमिनीवर पालथा पडतो. तुमच्या खोलीत दारं आपटत होती का रे? मला कसं कळणार? मधे एकच भिंत, पण दिवसा प्रेस चालू असताना पलीकडे बॉम्ब फुटला असता तरी मला ऐकू आला नसता.

ताई


१५ सप्टेंबर

धाकट्या,

एका आठवड्यात दोन पत्रं. दोन्हींत तोच प्रश्न, आणि दुसऱ्यात वर हे: "बोलायला लागला तर आधी मला कळव. दुसऱ्या कुणासमोर बोलू देऊ नकोस." दीड-पावणेदोन वर्षांच्या पोराला कुणासमोर बोलू द्यायचं नाही ते का, हे मी तीन दिवस स्वतःलाच विचारत होते.

तुझी पत्रं तिथे उघडून वाचतात म्हणे. माझंही वाचत असतील. वाचू देत.

त्याचा खेळ तुला सांगते. बाहुलीला तो भिंतीला टेकवून उभी करतो. मग तिचे दोन्ही हात धरून डोक्याच्या वर करतो. बंद कर. मग मागे सरतो, भाजीचा डाव उचलतो आणि तिच्या डोक्यावर घालतो. बाहुली पडते. पडलेल्या बाहुलीला तो परत मारतो, दात आवळून, कपाळावर घाम येईपर्यंत. मग तिचा एक पाय धरून तिला ओढत स्टुलाच्या पायापाशी नेऊन टाकतो. बाहीने फरशी पुसतो. आणि शेवटी हाताला लागेल ते, पुठ्ठ्याचा तुकडा, खोडरबर, काहीही, स्वतःच्या तोंडात दोन्ही हातांनी कोंबतो. ओकारी येईपर्यंत कोंबतो.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्याच्या तोंडात बोट घालून पुठ्ठा काढला आणि ओरडले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, त्याच क्रमाने. त्याचे बाकीचे खेळ रोज बदलतात. आज स्टूल मोटार असतं, उद्या तेच पलंग असतं. हा एक खेळ बदलत नाही.

मी बोलण्याच्या बाईंना आणून दाखवला. त्या ऑफिसात माझ्या शेजारी बसून पाहत होत्या. झाल्यावर म्हणाल्या, "या वयाची मुलं पाहिलेलं मनात ठेवतात आणि महिन्यांनी करून दाखवतात. पण इतकी लांबलचक गोष्ट मनाने रचता येत नाही त्यांना. हे यानं कुठंतरी पाहिलंय." मी विचारलं, शब्द येत नसताना? त्या म्हणाल्या, "बघायला शब्द लागत नाहीत हो ताई."

आता मी तुला विचारते. बिस्कीट तू कोंबलंस का त्याच्या तोंडात? रडत होता म्हणून?

चोराच्या मनात चांदणं, आणि मी मूर्ख, मी त्याला बापाचं काळीज समजले. तू रोज रात्री हेच मोजत असशील, पोराच्या तोंडात शब्द आधी येतो की तुझ्या हातात जामीन आधी येतो. तोंड उघडत नाही तोवर भीती नाही, असं तुझं गणित. प्रेसवाल्याच्या पोराचं तोंड बघत बसलास रे! आयुष्यभर हातांनी बोललास आणि त्याचे हात विसरलास.

आणि ती. मला कालपासून दुसरं काही दिसत नाही. ती ओरडली असेल तर तो आवाज माझ्या प्रेसने खाल्ला. तिला ते माहीत होतं. लग्न झाल्यापासून तीन नंबरच्या प्रेसवर बसलेली बाई ती, ओरडून उपयोग नसतो हे तिला तूच शिकवलंस. म्हणून तिने हात वर केले. आपल्या कारखान्यात वैऱ्याने हात वर केले तरी पाय पायडलवरून निघतो. विचार करावा लागत नाही, पाय आपोआप निघतो. तुला दिसले नाहीत का तिचे हात?

मला खरं लिही. मी तुला अंगाखांद्यावर खेळवलंय, तुझ्या वाटचा पट्टा खाल्लाय, एवढं तरी माझं देणं लागतोस. तारखेला अजून वेळ आहे. नाही म्हणून लिहिलंस आणि मला पटलं, तर मी पहिल्यासारखी येऊन साक्ष देईन. मला तुझ्याकडून "नाही" हेच ऐकायचं आहे, हेही लिहून ठेवते.


४ ऑक्टोबर

उजवा हात मोडला आहे, डाव्याने लिहिते आहे. अक्षर लागत नसेल तर वकिलाकडून वाचून घे.

पत्राचं उत्तर म्हणून तू तुझा तो फिटर दोस्त पाठवलास. चांगलं केलंस, मला उत्तर कळलं.

तो दुपारी आला, जेवणाच्या सुट्टीत, कामगार बाहेर असताना. म्हणाला, "भावाने सांगितलंय, पोरगं माझ्या बहिणीकडे ठेवायचं. सामान भरा." मी म्हटलं, भावाला म्हणावं लेखी पाठव. तो हसला. म्हणाला, "ताई, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका. पोरगं द्या नाहीतर मी उचलतो." आणि जाळीचं दार उघडून त्याने मुकादमाला एका दंडाला धरून उचललं, कोंबडी उचलतात तसं. पोराच्या तोंडातून आवाज नाही. नुसते पाय हलत होते.

मी त्याच्या पाठीवर झेप घेतली. त्याने पोर टाकलं आणि मला प्रेसवर आपटलं. माझा हात त्याने पाठीमागे पिळला आणि पिळतच राहिला. हाड मोडताना वाळक्या फांदीसारखा आवाज येतो, तो मी माझ्या अंगातून ऐकला. मी खाली पडले तेव्हा त्याने पोटात दोन लाथा घातल्या. दुसरी लाथ घालताना तो म्हणाला, "तुझ्या भावजयीसारखं व्हायचंय का?" म्हणजे त्यालाही माहीत होतं. सगळ्या जगाला माहीत होतं, मीच एकटी कढई आणि झाऱ्यावर विनोद करत होते.

खाली कातरलेल्या पत्र्याच्या पट्ट्या पडल्या होत्या. त्यांची धार तुला सांगायला नको. डाव्या हाताला एक लागली आणि मी ती वर त्याच्या तोंडावरून ओढली. त्याचा गाल कानापासून ओठापर्यंत उघडला. आतले दात दिसले मला. तो तोंड धरून गुडघ्यांवर बसला आणि बोटांमधून रक्त फरशीवर पडायला लागलं.

एवढ्यावर मी थांबले असते तर स्वसंरक्षण म्हणता आलं असतं. पण मी थांबणार नव्हते. टेबलावर दोन नंबरची छोटी डाय होती. एका हाताने मी ती उचलली. डोकं माझ्यासमोर होतं आणि ते फोडायचं हे मी ठरवलं होतं. ठरवून फार बरं वाटत होतं. आपल्या घराण्यातलं रक्त काय असतं ते मला त्या वेळी कळलं, आणि तुला त्या दिवशी कसली चव लागली तेही कळलं.

मुकादम समोर उभा होता. कपाळाला टेंगूळ, नाकातून रक्त. दोन्ही मुठी डोक्याच्या वर.

मी डाय खाली ठेवली. एवढंच असतं रे ते. हात दिसले की थांबायचं. मोडलेल्या हाताची, लाथा खाल्लेली, रागाने आंधळी झालेली बाई थांबू शकते. तुला त्या दिवशी कुणी लाथ घातली नव्हती.

काका आणि गडी धावत आले, त्यांनी फिटरला खांबाला बांधला. मी पोराला जवळ घेऊन जमिनीवरच बसले. म्हटलं, बंद, बंद, सगळं बंद झालं. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग फिटरकडे पाहिलं. मग माझ्या मांडीवरून उतरला, रक्तातून पाय टाकत ग्रीसच्या पिंपाशी गेला आणि थपडा मारायला लागला. थप, थप, थप. आणि मग माझ्याकडे वळून त्याने तळवा उलटा करून ओढला. काढ.

महिनाभर तो मला हेच सांगत होता आणि मी त्याला ग्रीस म्हणायला शिकवत होते.

काकांनी कोपरापर्यंत हात घातला. मोठा पाना बाहेर आला. ग्रीसमध्ये काही सडत नाही, हे तरी तुला आठवायला हवं होतं. पान्याच्या जबड्यात केस होते, लांब, आणि केसांना चिकटलेलं काहीतरी, ते काय होतं ते मी लिहीत नाही. काकांनी तोंड फिरवलं. मुकादमाने फिरवलं नाही. त्याने पान्याकडे बोट दाखवलं आणि नाव ऐकायला माझ्या ओठांकडे पाहिलं, रोज पाहतो तसं. मला सांगावं लागलं. पाना, मी म्हटलं.

तू खोलीत त्याला एकटा सोडला नाहीस, कारण तो दाराबाहेर गेला असता. एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात पाना घेऊन तू मागच्या दाराने आलास, तेव्हा मी शेवटच्या प्रेसवर पाठ करून बसले असणार. त्याच्यासमोर पाना ग्रीसमध्ये बुडवलास आणि वर ग्रीस सारखं केलंस. झाकलं म्हणजे संपलं, असं वाटलं ना तुला? तेवढी अक्कल त्याला तुझ्यापेक्षा जास्त होती.

पाना मी पुसला नाही. फडक्यात गुंडाळून, हात तसाच लोंबत असताना, चौकीवर नेऊन दिला. फिटरही तिथेच आहे आणि तोंडाला टाके पडल्यावर खूप बोलतोय म्हणतात. जामिनाच्या तारखेला मी येणार आहे. जे पाहिलं तेच सांगेन, असं मी पहिल्या पत्रात म्हटलं होतं. पोराने हातांनी सांगितलेलं कोर्ट मानणार नाही, हे मला कळतं. माझा मोडलेला हात मानेल.

बाबांचा पट्टा मी तुझ्यासाठी खाल्ला. आता नाही खाणार.


८ फेब्रुवारी

धाकट्या,

खटला वर्षभर चालला, शिक्षा लागूनही तीन महिने झाले आणि आज पहिल्यांदा तुझं पत्र आलं. मी ते उघडणार नव्हते. काका म्हणाले, उघडा, निदान जिवंत आहे का ते कळेल.

लिहितोस की पोरगा तीन वर्षांचा झाला असेल, आता सगळं विसरला असेल, तेव्हा त्याला सांग, आई शिडीवरून पडली. मोठेपणी त्याला त्रास नको. बापाबद्दल मनात अढी नको.

खरंय, विसरला. बोलण्याच्या बाई म्हणाल्याच होत्या की या वयाचं मागे काही उरत नाही. तोंडात शब्द यायला लागले तसे हातातले गळून गेले. पहिला शब्द "बंद" होता, दुसरा "आत्ता", म्हणजे मी. मग महिनाभरात असा धबधबा सुटला की शिंपीण म्हणते, तेव्हाच बरा होता. बाहुलीचा खेळ एके दिवशी त्याने अर्ध्यावर सोडला आणि परत केला नाही. बाहुली आता रुग्ण आहे, तिला रोज इंजेक्शन देतो. बिस्कीट खातो. दार आपटलं की अजून दचकतो, पण का ते त्याला सांगता येत नाही. दूध हवं असलं की "दूध दे" म्हणतो आणि बोटं गप्प राहतात. मुठी डोक्यावर नेल्या तर त्याला वाटतं मी नाचते आहे, आणि तोही नाचतो.

तर तुझा साक्षीदार गेला. तुला हायसं वाटेल. मी आहे अजून.

मी त्याला शिडीचं सांगितलं नाही. गेल्या महिन्यात त्याने जेवताना विचारलं, "माझी आई कुठंय?" बाई म्हणाल्या होत्या, विचारेल तेव्हा खरं सांगा, लहान वाक्यात सांगा, विचारेल तेवढंच सांगा. मी म्हटलं, मेली. त्याने घास गिळला. म्हणाला, "का?" मी म्हटलं, बाबाने मारलं. तिच्या डोक्याला लागलं. म्हणून मेली.

त्याचं डोकं चालायला लागलं की खालचा ओठ पुढे येतो, तिचा यायचा तसाच. मग म्हणाला, "का मारलं?"

हल्ली सगळ्यालाच का विचारतो. पत्रा का कापतो, काकांचं बोट का लहान आहे, पाऊस वरूनच का येतो. नाकी नऊ आणलेत, पण मी एकही का परतवत नाही. माहीत नसलं तर काकांना विचारते, काकांना नसलं तर बाईंना. याचं उत्तर मात्र कुणाकडे नाही. मी कोर्टात सगळे दिवस बसले होते. कुठे मारलं, कशाने मारलं, केव्हा मारलं, सगळं विचारलं त्यांनी तुला. ती तुला सोडून निघाली होती असं एक वकील म्हणाला, चहा गार होता असं दुसरा म्हणाला. मी घरी येऊन पोराच्या तोंडाकडे पाहिलं. चहा गार होता, हे त्याला कसं सांगू?

मी त्याला म्हटलं, मला माहीत नाही. बाबाला माहीत आहे. बाबाला विचारू. तेव्हापासून संध्याकाळी प्रेस बंद झाले की तो येऊन विचारतो, "बाबाचं पत्र आलं?" आज आलं, आणि त्यात शिडी निघाली. ते मी त्याला वाचून दाखवलं नाही. अजून आलं नाही, असंच सांगितलं.

तर लिही. तुझी बाजू नको, माफी नको, देवाधर्माचं नको. त्याने विचारलंय तेवढंच. मी ते जसंच्या तसं, एक शब्द न बदलता, त्याला वाचून दाखवेन, मग ते कसंही असो. फक्त छोट्या वाक्यांत लिही. मोठी वाक्यं त्याला अजून कळत नाहीत.

मुकादमाची आत्या